मालगाडीची वाट पाहणारे

पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी लोणावळें सुटतांच खिडकीशीं सरसावतो, तो दऱ्या आणि बोगदे पाहावयास. शेजारच्या रुळावर एखादी मालगाडी दिसली, तर ‘आतां आपल्याला उशीर होणार’ म्हणून तो कपाळाला आंठी घालतो. पण कांहीं मंडळी याच घाटांत केवळ मालगाडीसाठीं येतात आणि कॅमेरा घेऊन तासन् तास बसून राहतात.

या छंदाचें मर्म कळण्यास घाटाची रचना ध्यानांत घ्यावयास हवी. १८६३ सालीं खुला झालेला बोरघाटाचा हा लोहमार्ग कर्जत ते लोणावळें या सुमारें २८ किलोमीटरांत साडेपांचशें मीटरांहून अधिक उंची गांठतो. कोठें कोठें ३७ फूट पुढें जावें, तों एक फूट वर चढावें लागतें. जड गाडीला हा चढ पुढच्या एंजिनाच्या बळावर झेपत नाहीं; मागून आणखी एंजिनें लावून ती ढकलावी लागते. उतरणीवर प्रश्न उलटा. तेथें ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावर न जातां चढावर नेलेल्या बंद रुळांत शिरावी, अशी योजना आहे. गाडी ठरल्या जागीं थांबली, म्हणजेच तिला पुढचा मार्ग मिळतो. मालगाडी आपलें बळ आणि आपला संयम जेथें दाखविते, असें हें स्थळ आहे.

प्रवाशांच्या वेळापत्रकांत मालगाडीचें नांव नसतें. म्हणून येथें डोळ्यांआधीं कान कामास येतात. दरींतून एंजिनांची घरघर ऐकूं येते, वळणाआड लपते, पुन्हां जवळ येते. जाणता छांदिष्ट कॅमेरा स्थिर ठेवतो आणि पुढचें एंजिन गेलें म्हणून तो बंद करीत नाहीं. मागचीं एंजिनें यावयाचीं असतात. शिवाय प्रत्येक डब्याच्या चाकांचा नाद निराळा. जागा मात्र तो रुळांपासून दूर, सुरक्षित अशीच निवडतो. चित्रासाठीं रुळांत उतरणें हा कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यांत जीवही जातो.

एवढ्या खटाटोपाचें फळ काय, याचें उत्तर ‘खेकडा’ देतो. घाटांत वीज आली, त्या सुमारास, म्हणजे १९२८ पासून, स्वित्झर्लंड व इंग्लंड येथें बांधलेलीं मालगाड्यांचीं एंजिनें येथें आलीं. दोन्ही टोकांस लांब नाकाडें, चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे, आणि वळणावर सांध्यांत वाकणारें अंग. यांनाच ‘खेकडा’ हें टोपणनांव मिळालें. १९९० नंतरच्या दशकांत तीं सेवेंतून गेलीं. पुढें २०१६ पर्यंत मुंबईच्या मार्गांवरून १,५०० व्होल्टची जुनी वीजही गेली आणि २५,००० व्होल्टची आली. केवळ जुन्या विजेवर चालणारीं एंजिनें निरुपयोगी झालीं.

‘सर लेस्ली विल्सन’ नांवाचा एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जपलेला आहे. पण तो उभा आहे. मागें भरलेले डबे घेऊन चढतांना त्याचे दांडे कसे फिरत, त्याचा स्वर कसा लागे, हें तें लोखंड सांगूं शकत नाहीं. तें कळावयाचें तर त्या काळीं कोणी तरी घाटांत बसून टिपलेल्या फितीवरूनच. आज नित्याची वाटणारी मालगाडीही एक दिवस अशीच जाईल. तिची वाट पाहत बसलेला मनुष्य ही जाणीव ठेवूनच कॅमेरा सुरू करीत असतो.