परदेशातील येणे : निवृत्तिवेतनाची वसुली

व्यापारी घराण्यात दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या जातात. देणे वेळेवर फेडले जाते आणि येणे खतावणीत टिपून ठेवले जाते. तरीही एक येणे अनेकदा वहीबाहेर राहते. घरातील मुलाने परदेशात नोकरी केली असेल, तर तेथे दरमहा पगारातून कापलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचे ते येणे असते. ही रक्कम आपोआप घरी येत नाही. ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी कागद लागतात.

कागल तालुक्यातील बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. अशा गावातील एखादा अभियंता कारखान्यात सात वर्षे नोकरी करतो, पुढे चार वर्षे जपानमध्ये राहतो आणि वडील थकले म्हणून परत येऊन दुकान सांभाळतो, अशी कल्पना करावी. भारतात कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि जपानमध्येही किमान १० वर्षेच लागतात. वेगवेगळे पाहिले, तर दोन्ही दारे बंद दिसतात. मात्र भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार पात्रतेसाठी दोन्हीकडील वर्षे एकत्र मोजता येतात. सात आणि चार मिळून अकरा होतात. प्रत्येक देश वेतन देतो ते मात्र आपापल्या वर्षांपुरतेच.

येथे दोन ठिकाणी घाई नडते. जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो, पण तो घेतला की ती वर्षे पुढे मोजली जात नाहीत. इकडेही नोकरी सोडताना निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतल्यास सेवेची वर्षे संपतात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले, तर ती टिकून राहतात. शिवाय घरच्या दुकानात घालवलेली वर्षे भविष्य निर्वाह निधीत नसतील, तर ती या हिशेबात धरली जात नाहीत.

भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी झाला आणि तो १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आला. हिरेव्यापाराच्या अँटवर्पमुळे त्या देशाचे नाव जैन कुटुंबांना नवे नाही. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशीही करार आहेत. अशा देशांतील दाव्यांबाबत भारताच्या बाजूने कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना संपर्क यंत्रणा म्हणून काम पाहते.

अमेरिकेशी वर्षे जोडून घेणारा करार नाही. तेथे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचे काम, स्वतंत्रपणेच भरावे लागते. पतीच्या खात्यावर भारतात राहून वेतन घेऊ पाहणाऱ्या भारतीय नागरिक विधवेला तेथील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट साधारणतः लागू होते. ब्रिटनच्या नव्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी किमान १० पात्र वर्षे लागतात. भारतात राहणाऱ्याला ते मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. भारतात आल्यावर सुरू झालेले वेतन आरंभीच्याच दराने चालू राहते. आखाती देशांत खासगी नोकरीतील भारतीयांना साधारणतः मासिक वेतन नसते. तेथे सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी निघतानाच हाती घ्यावी.

खरी अडचण पुष्कळदा नियमांची नसून दप्तराची असते. परदेशातील विमा क्रमांक कोणाला ठाऊक नसतो. पासपोर्टवर एक नाव आणि बँकेत दुसरे असते, तर सुनेची कागदपत्रे माहेरच्या नावाने असतात. वेतन सुरू झाल्यावरही हयातीचा दाखला परदेशी कार्यालयाकडून टपालाने येतो. जुन्या पत्त्यावर गेलेल्या त्या दाखल्याला उत्तर मिळाले नाही, तर वेतन थांबू शकते. मिळालेली रक्कम प्राप्तिकर विवरणात दाखवावी लागते. कोणत्या देशात कर लागेल, हे त्या देशाशी असलेल्या दुहेरी करनिवारण करारावर ठरते.

म्हणून दिवाळीत नवी वही पूजेला मांडताना एक पान या येण्यासाठी राखावे. त्यावर देश, विमा क्रमांक, नोकरीचा आरंभ आणि अखेर, तसेच मालकसंस्थेचे नाव लिहावे. पगारपत्रके आणि करारपत्रे त्याच फाइलीत ठेवावीत आणि ती कोठे आहे हे पत्नीला सांगावे. कमावणारा नसेल, त्या दिवशी दावा तिलाच करावा लागणार आहे.