वारंवार बंद पडणारा घरचा संगणक

घरातील संगणक चालता चालता एकाएकी बंद पडू लागला, म्हणजे त्याविषयी घरात तत्काळ दोन मते तयार होतात. वडीलधाऱ्यांच्या मते मुलांनी त्यात कसले तरी खेळ भरल्यामुळे यंत्र बिघडलेले असते. मुलांच्या मते यंत्र जुने झालेले असते आणि नवे घेण्याची वेळ आलेली असते. शेजारचा जाणकार ‘व्हायरस’ या एका शब्दात निदान उरकतो, आणि दुरुस्तीच्या दुकानातील कारागीर बहुधा फारसे न विचारता ‘फॉरमॅट मारून देतो’ असे सांगतो. या चारही मतांत कधी तथ्य असते, नाही असे नाही. परंतु ती सारी तपासाच्या आधीची मते होत. त्यांतले चौथे सर्वांत महाग पडते. फॉरमॅट करताना घरातली छायाचित्रे, हिशेब, पत्रे, एखाद्या मुलीचा वर्षभर लिहीत आणलेला प्रबंध, हे तर पुसले जातेच. पण त्याबरोबर बिघाड कोठे आहे हे सांगणाऱ्या नोंदीही पुसल्या जातात. आणि दोष विजेचा किंवा उष्णतेचा असला, तर धुऊनपुसून स्वच्छ केलेल्या यंत्रात तो आठ दिवसांनी पुन्हा हजर होतो.

एकदा बंद पडलेले यंत्र पुन्हा बंद पडण्याचा संभव किती, याचा हिशेब मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली मांडला. सामान्य ग्राहकांच्या सुमारे १० लाख संगणकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आठ महिन्यांत ज्यांच्या प्रोसेसरने एकूण निदान ३० दिवसांचे काम केले होते, अशा यंत्रांपैकी १९० मागे एक यंत्र प्रोसेसरच्या अंगातील दोषाने बंद पडले होते. हे प्रमाण कोणास थोडे वाटेल. परंतु एकवार अशा रीतीने बंद पडलेल्या यंत्रांत दुसऱ्यांदा बंद पडण्याचे प्रमाण ३.३ मागे १, म्हणजे शंभरांत सुमारे तीस, इतके आढळले. तेव्हा ‘झाले असेल काहीतरी’ म्हणून पहिला प्रसंग सोडून देणे धोक्याचे आहे. तथापि याच आकड्यांत तपास करणाऱ्याच्या सोयीची एक गोष्टही दडलेली आहे. जो दोष परत परत येतो, त्याच्या येण्याला बहुधा काही रीत असते. ती रीत ओळखली, की दोषाचे घर सापडते.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हेच. यंत्र जोवर थोडा वेळ तरी चालते आहे, तोवर मोलाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून वेगळी ठेवावी. दुसरे काम वही-पेन्सिलीचे. बंद पडण्याची वेळ, त्या वेळी चाललेले काम, यंत्र सुरू होऊन किती मिनिटे झाली होती, आणि पडद्यावर काय दिसले, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक वेळी टिपाव्यात. आठवड्याभराची अशी टिपणे एखाद्या महागड्या उपकरणाहून अधिक उपयोगी ठरतात.

‘बंद पडणे’ हा शब्दही सैल आहे. चित्र जागच्या जागी गोठून राहणे, ज्याला ‘हँग होणे’ म्हणतात, हा एक प्रकार. दिवा मालवावा तसे क्षणात काळे होणे हा दुसरा. आपोआप पुन्हा सुरू होणे हा तिसरा. आणि निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजी मजकूर दिसणे हा चौथा. हा निळा पडदा पाहून लोक घाबरतात, परंतु तो यंत्राने जाणूनबुजून घेतलेला पवित्रा असतो. आपल्या अंतर्भागात काही विसंगती झाल्याचे विंडोजच्या ध्यानात आले, की चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्यापूर्वी ती सर्व व्यवहार थांबवते आणि कारणाचा संकेतांक पडद्यावर टाकते. १९९३ च्या विंडोज एनटीपासून हा पडदा चालत आला. २०२५ साली विंडोज ११ मध्ये त्याचा रंग काळा करण्यात आला. अडचण एवढीच, की मूळ रचनेप्रमाणे यंत्र लगेच पुन्हा सुरू होते आणि मजकूर वाचण्यापूर्वी नाहीसा होतो. सिस्टीमच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन हे आपोआप सुरू होणे बंद करता येते, आणि तपासाच्या काळात ते बंद ठेवावेच.

पडदा आलाच नाही, यंत्र नुसते काळे झाले, तर संशय प्रथम विजेवर आणि उष्णतेवर घ्यावा. कारण पडदा दाखवण्याइतकाही अवधी संगणकाला मिळालेला नसतो. अशा वेळी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि पुष्कळ लोक तेच कारण समजून बसतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते, की मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. घड्याळ थांबले होते हे घड्याळानेच सांगावे, तसा हा प्रकार आहे.

विजेचा दोष ओळखण्याची खूण टिपणांतच मिळते. पाण्याचा पंप सुरू झाला, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला, की संगणक पुन्हा सुरू होतो, असे दोन-तीनदा लिहिलेले आढळले तर यूपीएसकडे पाहावे. यूपीएसमधील बॅटरी काही वर्षांत क्षीण होते, उष्ण खोलीत आणखी लवकर. बाहेरून दिवा लागतो, पण व्होल्टेज क्षणभर खाली आले की भार पेलण्याचे बळ तिच्यात उरलेले नसते. यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीवरील प्लगाला जोडून एक-दोन दिवस पाहिले, की हा प्रश्न निकाली निघतो. याउलट, जड खेळ किंवा चित्रपटाचे संपादन सुरू करताच यंत्र काळे होत असेल, तर संशय पेटीतील एसएमपीएसवर, म्हणजे वीज रूपांतरित करून आतील भागांना पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. या डब्याच्या बाबतीत एक सूचना कडकच दिली पाहिजे: तो घरी उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा तोडल्यावरही त्यातील कपॅसिटरांत तीनशेहून अधिक व्होल्टचा भार काही काळ शिल्लक असू शकतो. दुसरा डबा जोडून पाहणे हीच त्याची सुरक्षित परीक्षा. मदरबोर्डावरील कपॅसिटर मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. ज्यांचे माथे सपाट असावयास हवे ते फुगलेले दिसले, तर आणखी शोध करण्याचे कारण नाही.

उष्णतेचे गणित साधे आहे. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत जे यंत्र ७५ अंशांवर चालते, ते तेवढेच काम मे महिन्यात नागपूरच्या किंवा दिल्लीच्या ४२ अंशांच्या खोलीत ९५ अंशांच्या आसपास जाते. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या सुमारास आपला वेग स्वतः कमी करतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर वीज तोडून टाकतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी बंद पडणारा आणि रात्री नीट चालणारा संगणक फारसे गूढ राखत नाही. त्याचा पंखा आणि त्याखालील धातूची जाळी धुळीने गच्च भरलेली आढळते. धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर फुंकरीच्या जोराने ते गरगर फिरून पंखाच बिघडतो. प्रोसेसर व जाळी यांच्यामधील उष्णतावाहक लेपही काही वर्षांनी सुकतो. तो पुसून नवा लावणे हे थोड्या पैशांचे काम आहे. पुष्कळ घरांत संगणकाची पेटी मेजाखालच्या बंद कप्प्यात, कापडाचे आच्छादन घालून ठेवतात. हौस म्हणून ते ठीक. पण चालू यंत्राला पांघरूण घालणे म्हणजे तापकऱ्याला गोधडी घालण्यासारखे होय.

स्मृतीचा, म्हणजे रॅमचा दोष याहून फसवा. त्याला ठरावीक वेळ नसते. आज लिहिताना, उद्या नुसते गाणे ऐकताना यंत्र बंद पडते, आणि पडद्यावरचा संकेतांक दर वेळी निराळा असतो. हे निराळेपण हीच त्याची खूण. स्मृतीत सारे काही शून्य व एक या दोनच चिन्हांनी लिहिलेले असते, आणि एक चिन्ह उलटले तरी काय होते याचे उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १८ मे २००३ रोजी तेथील निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या शारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर शक्य असलेल्या मतांहून अधिक मते लागली. फेरमोजणीत ४,०९६ मते जास्तीची ठरली. हा आकडा दोनचा बारावा घात आहे. म्हणजे यंत्राच्या स्मृतीत एकाच ठिकाणी शून्याचा एक झाला होता. यंत्राची तपासणी करून दोष सापडला नाही, तेव्हा ते चिन्ह आपोआप उलटले असावे, कदाचित अंतराळातून येणाऱ्या किरणाने, असे मानण्यात आले. अशी घटना एकदा घडते व संपते. घरच्या संगणकात जे वारंवार होते ते बहुधा निराळे असते. वर सांगितलेल्या अभ्यासात स्मृतीचे दोष पुष्कळदा त्याच त्या जागी पुन्हा आढळले. त्यामुळे ते परीक्षेत पकडता येतात. विंडोजमध्ये स्मृती तपासण्याची सोय असते, आणि ‘मेमटेस्ट’ हा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवला तर परीक्षा अधिक कसून होते. एक चूकही निघाली, तरी ती चूकच समजावी. मात्र पट्टी टाकून देण्याअगोदर यंत्राची वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवून, ती पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत एवढ्याने बरे झालेले संगणक थोडे नाहीत. रॅम किंवा प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने पळवण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करून पाहावी.

हार्ड डिस्कविषयी थोडक्यात सांगता येईल. टकटक असा आवाज, फाइल उघडण्यास लागणारा विलक्षण वेळ आणि वाचता न येणारे भाग, ही तिची लक्षणे. डिस्क आपल्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद स्वतः ठेवते, आणि तिच्यात धोका दिसला तर तो खरा मानावा. परंतु धोका दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने २००७ साली आपल्या निकामी झालेल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीच पूर्वसूचना दिलेली नव्हती.

आता उरली आज्ञावली. यंत्राचे सर्व भाग निरोगी असूनही संगणक बंद पडू शकतो, याचा सर्वांत मोठा पुरावा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीची एक सदोष फाइल त्या दिवशी जगभर वाटली गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रांवर निळा पडदा आला. ती यंत्रे बहुतेक संस्थांची होती. विमाने खोळंबली, भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. या यंत्रांतील एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. ‘सेफ मोड’मध्ये यंत्र सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे पुरे झाले. घरच्या संगणकालाही हीच कसोटी लागू पडते. सेफ मोडमध्ये अत्यावश्यक तेवढीच आज्ञावली चालते. तेथे यंत्र तासन्‌तास नीट चालले आणि बाहेर येताच बंद पडू लागले, तर अलीकडे आलेला एखादा अपडेट किंवा ड्रायव्हर मागे घेऊन पाहावा. विशेषतः ग्राफिक्स कार्डाचा. मात्र सेफ मोडमध्ये यंत्रावर भारही कमी पडतो, हे विसरू नये. उष्णतेचा रोगी तेथे काही वेळ बरा वाटतो.

पडद्यावरच्या मजकुरावर किती विसंबावे, याचाही एक दाखला आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर खेळ चालता चालता बंद पडत आणि ‘ग्राफिक्सची स्मृती अपुरी आहे’ असा मजकूर येई. कित्येकांनी ग्राफिक्स कार्डावर दोष ठेवला. दोष प्रोसेसरचा होता. त्याला गरजेहून अधिक व्होल्टेज मिळत होते आणि कालांतराने तो झिजत होता. इंटेलने २०२४ साली हे मान्य करून सुधारित आज्ञावली दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते आज्ञावलीने सुधारण्यासारखे नव्हते. मजकूर दुखणे कोठे जाणवले ते सांगतो; मूळ कोठे आहे ते दर वेळी सांगतोच असे नाही.

या साऱ्या उपायांत एक पथ्य आहे आणि तेच पाळण्यास अवघड जाते. एका वेळी एकच बदल करावा. उत्साही गृहस्थ एकाच रविवारी धूळ झाडतो, रॅम बदलतो, ड्रायव्हर नवा घालतो. यंत्र सुधारले तर कशाने सुधारले हे त्याला कळत नाही, आणि पुन्हा बिघडले तर सारे पहिल्यापासून करावे लागते. प्रत्येक बदलानंतर वाटही पुरेशी पाहिली पाहिजे. समजा, यंत्र सरासरी दोन दिवसांतून एकदा, अनियमितपणे बंद पडते. रॅम बदलल्यावर ते दोन दिवस चालले, तर तो निव्वळ योगायोग असण्याचा संभव शंभरांत ३७ इतका आहे. सहा दिवस चालले, तर तोच संभव शंभरांत पाचावर येतो. तेव्हा पूर्वीच्या अंतराच्या तिपटीइतके दिवस यंत्र नेहमीच्या कामात अखंड चालू द्यावे, आणि मगच मित्राकडून उसनी आणलेली रॅमची पट्टी परत करून नवी विकत घ्यावी.