एका वर्षाचे पद, पुढे चालणारे काम

जुलै महिना सुरू झाला की लातूर आणि नांदेडच्या वर्तमानपत्रांतील स्थानिक पानांवर पदग्रहण सोहळ्यांच्या बातम्या येऊ लागतात, कारण रोटरी आणि लायन्स या दोन्ही जागतिक संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि क्लबच्या अध्यक्षाची मुदत साधारणपणे त्या एका वर्षापुरतीच असते. सेवा क्लब म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी स्वतःची वर्गणी भरून चालवलेली, ठरावीक दिवशी एकत्र जमणारी आणि आपल्या गावासाठी श्रम व पैसा उभा करणारी संस्था. तिचे बरेचसे गुण आणि बरेचसे दोष या एका वर्षाच्या नियमातून निघतात. दरवर्षी नवा माणूस पुढे येतो, कोणाचीही मक्तेदारी तयार होत नाही आणि उत्साह शिळा होत नाही. मात्र मागच्या अध्यक्षाने लावलेली रोपे पुढच्याने जगवावीत, याची कोणतीही हमी या नियमात नसते.

या चळवळीचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली तेथे रोटरीची स्थापना केली आणि सभासदांच्या कार्यालयांत पाळीपाळीने बैठका घेतल्या जात असल्याने तिला ते नाव मिळाले. विमा व्यवसायातील मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये त्याच शहरात लायन्स उभी राहिली. भारतात रोटरी १९१९-२०च्या सुमारास कलकत्त्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत पोहोचली, तर लायन्सचा पहिला भारतीय क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेही १९५६ मध्येच, आणि लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. त्यामुळे येथील क्लबांना मुंबई-पुण्यासारखी वसाहतकालीन परंपरा नाही. तूर, सोयाबीन आणि तेलबियांच्या बाजारपेठेने उभा केलेला व्यापारी, नव्या जिल्ह्याबरोबर वाढलेला डॉक्टर-वकील वर्ग आणि महाविद्यालयांचे प्राध्यापक यांनी ते घडवले. रोटरीत पूर्वी एका व्यवसायातून एकच सभासद घेण्याचा दंडक होता; तो आता बराच सैल झाला असला, तरी आडत दुकानदार, अस्थिरोगतज्ज्ञ आणि बांधकाम अभियंता एका टेबलाभोवती बसतात, हे त्या दंडकाचे टिकून राहिलेले फळ आहे. स्त्रियांना मात्र या टेबलाभोवती जागा मिळण्यास फार उशीर झाला. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये त्यांच्या सभासदत्वाला मान्यता दिली.

सामान्य वाचकाला सर्वांत कमी ठाऊक असलेली आणि सर्वांत महत्त्वाची बाब पैशाची आहे. क्लबकडे दोन प्रकारचा पैसा येतो आणि तो वेगळा ठेवणे अपेक्षित असते. सभासदांची वर्गणी प्रशासकीय खात्यात जमा होते आणि तिच्यातून बैठकांचा, भोजनाचा, पत्रव्यवहाराचा व वरिष्ठ कार्यालयांच्या देण्याचा खर्च भागतो; जनतेकडून देणगी, तिकीटविक्री किंवा संगीत रजनीच्या निमित्ताने जमवलेली रक्कम सेवा खात्यात जाते आणि ती जनतेच्याच कामासाठी वापरावी, असा लायन्सचा नियम आहे. म्हणजे पदग्रहणाच्या जेवणावळीचा खर्च मोतीबिंदूच्या देणगीतून करता येत नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते, त्यामुळे रुग्णालय किंवा शाळा चालवणारे क्लब त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था नोंदवतात. अशा संस्थेला आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली मान्यता असेल, तर जुन्या करपद्धतीत दात्याला सवलत मिळू शकते, परंतु २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्याकडे एक संकोच आहे. तो सोडून द्यायला हवा, कारण प्रामाणिक कोषाध्यक्षाला पावती मागणारा दाताच अधिक जवळचा वाटतो.

काम टिकते कसे, हे पाहायचे असेल तर लातूर जिल्ह्यातील उदगीरकडे जावे लागते. नेत्रसेवा हा लायन्सचा जुना वारसा आहे. हेलन केलर यांनी १९२५ च्या अधिवेशनात या संघटनेला अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून जगभरच्या लायन्स क्लबांनी डोळ्यांचे काम आपले मानले. उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय हे त्या वारशाचे मराठवाड्यातील रूप आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी मोतीबिंदूचे गणित समजून घ्यावे लागते. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने गढूळ होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. त्यावर औषध नाही, ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे दृष्टी गमावलेल्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जणांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते.

एके काळी ही शस्त्रक्रिया शाळेच्या वर्गखोलीत किंवा मंगल कार्यालयात तात्पुरते टेबल मांडून केली जात असे आणि एका दिवसात किती डोळे झाले, याचा अभिमान मिरवला जाई. जंतुसंसर्गाने काहींचे डोळे कायमचे गेल्याच्या घटना देशभर घडल्यानंतर ही पद्धत मागे पडली. आता गावात होते ती फक्त तपासणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तपासून ज्यांना गरज आहे त्यांना वाहनाने रुग्णालयात नेले जाते, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात भिंग बसवले जाते आणि पुढील तपासण्या करून चष्म्याचा नंबर काढला जातो. क्लबचा सभासद येथे शस्त्रक्रिया करत नसतो, पण तिच्या आधीचे आणि नंतरचे सर्व काही तोच करतो: सरपंचांशी बोलणे, गाडी ठरवणे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला सोबत शोधून देणे, औषधाचे थेंब वेळेवर घातले जातात की नाही हे पाहणे. मोतीबिंदूची योजना शासनाकडेही आहे, तिचे पैसेही आहेत. कमी पडतो तो गावातील घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा माणूस. उदगीर तालुका कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्याला भिडलेला असल्याने येथे असा माणूस उभा राहिला, तर त्याचा लाभ एका राज्यापुरता राहत नाही. रुग्णालयाला इमारत, यंत्रे आणि विश्वस्त असल्यामुळे क्लबचा अध्यक्ष बदलला, तरी सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडतोच.

नांदेडमधील गरज निराळ्या प्रकारची आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परभणी, हिंगोली, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणातील सीमेलगतची गावे एवढ्या मोठ्या प्रदेशातून रुग्ण येतात. रुग्णाला जेवण रुग्णालयाकडून मिळते, पण सोबत आलेला नातेवाईक व्हरांड्यात झोपतो आणि हातातले पैसे औषधांसाठी राखून ठेवताना स्वतःचे जेवण टाळतो. किनवट-माहूरहून आलेल्या मजुराच्या बाबतीत तर रोजगार बुडालेला असतो आणि परतीच्या एसटीचे भाडेही उरलेले नसते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी नांदेडमध्ये सुरू झालेला ‘लायन्सचा डबा’ हा उपक्रम नेमका या ठिकाणी पोहोचतो. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा घरातील कोणाची पुण्यतिथी यांच्या निमित्ताने दात्याने डब्यांचा खर्च उचलावा, अशी त्याची कल्पना आहे. ज्या शहरात तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर अहोरात्र चालतो आणि कोणालाही पंगतीत बसवून जेवू घातले जाते, त्या शहराला अन्नदान शिकवण्याची गरज नाही. क्लबने त्या परंपरेत वेळापत्रकाची भर घातली. लंगर येणाऱ्याला जेवू घालतो; रुग्णाची खाट सोडून जे उठूच शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत डबा जातो.

संकटाच्या काळात दातृत्व कसे उसळते आणि कोठे चुकते, याचा मराठवाड्याला फार मोठा आणि फार दुःखद अनुभव आहे. गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि अधिकृत नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे गेली; दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांवरील मातीचा भार हे त्या मृत्यूंचे मुख्य कारण होते. देशभरातून आणि परदेशातून मदतीचा ओघ सुरू झाला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि अनेक गावांची घरे दात्या संस्थांनी बांधून दिली. त्यांतील पुष्कळ वसाहती शहरी आराखड्याच्या निघाल्या, सरळ रस्ते आणि एकसारखी घरे; गोठ्याला, कडब्याच्या गंजीला, औत-अवजारांना जागा नव्हती, आणि शेतही लांब गेले. घर देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, परंतु घेणाऱ्याला विचारायचे राहून गेले होते. त्याच काळात शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात घेतली. या कामाला इमारतीपेक्षा वर्षे अधिक लागतात, आणि म्हणूनच ते एकरकमी देणगीहून अवघड असते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यावे लागले. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ‘जलदूत’ गाडीच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. त्याच उन्हाळ्यात शहरातील नागरिकांनी पक्ष, जात आणि संस्थांच्या सीमा ओलांडून ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभी केली, लोकवर्गणी जमवली आणि मांजरा नदीच्या सुमारे १८ किलोमीटर पात्रातील गाळ काढून ते खोल व रुंद करण्याचे काम हाती घेतले. विवेकानंद रुग्णालयाच्या माध्यमातून लातुरात पन्नास वर्षे वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. अशोक कुकडे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसे पुढे होती. डॉक्टर, व्यापारी, शिकवणी वर्गांचे संचालक, महिला मंडळे आणि सर्वसामान्य कुटुंबे यांनी दिलेल्या पैशाचा हिशेब सर्वांसमोर राहिला, हे या मोहिमेचे मोठे यश मानले पाहिजे. एकमेकांच्या फलकाशेजारी फलक लावणाऱ्या संस्था एका फलकाखाली येऊ शकतात, हे लातूरने तेव्हा दाखवून दिले.

पाण्याचा हा प्रश्न क्लबांच्या मोठ्या प्रकल्पांनाही सोडत नाही. रोटरीच्या जागतिक प्रतिष्ठानाकडून मिळणाऱ्या मोठ्या अनुदानासाठी किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि परदेशातील एक भागीदार क्लब लागतो. या मार्गाने भारतात अनेक ठिकाणी डायलिसिसची, म्हणजे निकामी मूत्रपिंडाऐवजी रक्त शुद्ध करणारी, यंत्रे आली आहेत. एका रुग्णाच्या ४ तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर अत्यंत शुद्ध पाणी लागते आणि ते तयार करताना त्याशिवाय आणखी पाणी वाया जाते. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यावे लागते, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, विजेची खात्री लागते. यंत्राचे उद्घाटन एका दिवसात होते. पाणी, पगार आणि दुरुस्ती यांची तरतूद पुढची दहा वर्षे करावी लागते. म्हणून यंत्र घेण्याआधी रुग्णालयाशी लेखी करार करणारा अध्यक्ष, कोनशिलेवर नाव नसले तरी, शहराच्या अधिक उपयोगी पडतो. सलगपणाने काय साधते, याचे उत्तम उदाहरण रोटरीच्याच नावावर आहे. १९८५ मध्ये तिने पोलिओविरुद्धची मोहीम जाहीर केली, अध्यक्ष दरवर्षी बदलत राहिले, मोहीम बदलली नाही, आणि भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला.

या दृष्टीने क्लबांच्या सर्वांत लोकप्रिय उपक्रमाकडे, रक्तदान शिबिराकडे, पुन्हा पाहण्याची आवश्यकता आहे. शिबिरे नेत्यांच्या वाढदिवसांना, जयंत्यांना आणि क्लबच्या वर्धापनदिनांना होतात, त्यामुळे एखाद्या आठवड्यात रक्तपेढी भरून वाहते आणि पुढे महिनाभर नातेवाईक रक्तासाठी वणवण फिरतात. रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहेत: तांबड्या पेशी पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका केवळ ५ दिवस. मराठवाड्यात खरी टंचाई एप्रिलपासून जूनपर्यंत भासते, कारण महाविद्यालये बंद असतात, लग्नसराई असते आणि उन्हामुळे लोक रक्त देण्यास कचरतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते, त्यांना ऋतू नसतो. लातूर आणि नांदेडच्या क्लबांनी आपापसांत महिने वाटून घेतले आणि रक्तपेढीच्या मागणीनुसार छोटी शिबिरे वर्षभर ठेवली, तर एक रुपयाही जास्त खर्च न होता ही टंचाई बरीच कमी होईल. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. वाचकांनी यंदाचे रक्तदान स्वतःच्या वाढदिवसासाठी राखून न ठेवता मे महिन्यात, सकाळच्या वेळी, भरपूर पाणी पिऊन करावे आणि आपल्या ओळखीच्या क्लबलाही त्याच महिन्यात शिबिर घेण्यास सांगावे.