सुजेचा पत्ता
सिंधुदुर्गातल्या मिठबावचा एखादा रापणकर मच्छीमार बरेच महिने लाजत काढतो आणि शेवटी डॉक्टरांपुढे उभा राहतो, "डॉक्टरानु, खाली सूज इली हा." तक्रार एवढीच. पण ती कागदावर कुठल्या कुठे जाऊ शकते हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

जगात अनेक ठिकाणी रोगांची नोंद ज्या आयसीडी-१० वर्गवारीत होते, तिच्यात अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलं तर ती अंडवृद्धी, एन ४३. जन्मजात असेल तर पी ८३.५, म्हणजे नवजातांच्या प्रकरणात. आतडं खाली उतरलं असेल तर अंतर्गळ, के ४०. मुक्काम थेट पचनसंस्थेत! शिरा फुगल्या तर आय ८६.१, गालगुंडामुळे असेल तर बी २६.०, कर्करोग असेल तर सी ६२.

निवाड्याची सुरुवात होते ती दोन बोटांनी आणि एका टॉर्चने. सुजेच्या वर बोटं पोचली तर ती बहुधा अंडकोषातलीच. सूज जांघेत शिरत असेल तर अंतर्गळाचा संशय. मग खोलीत अंधार करून मागून टॉर्च लावायचा. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, घट्ट गाठीतून उजेड येत नाही. पुढची खात्री सोनोग्राफी करते.

केसपेपरवर नुसतं 'अंडकोषाला सूज' लिहिलं की सगळं एन ५० च्या किरकोळ खात्यात जमा. डावी की उजवी, हे सांगायला आयसीडी-१० मध्ये खणच नाही. ते शब्दांतच लिहायला हवं. आणि कधीपासून, हेही. पोराला अचानक असह्य कळ आली तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो, एन ४४. सहा तासांत तो सोडवला तर अंड बहुधा वाचतं. तेव्हा कोड राहू दे बाजूला, आधी ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते बी ७४.० चं. हा हत्तीरोगाच्या जंताचा कोड, आणि त्या जंतामुळेही अंडवृद्धी होते. सिंधुदुर्गाची गणना हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत झालेली आहे. या जंताची पिल्लं पहिल्यांदा दिसली तीही अंडवृद्धीच्या पाण्यातच, १८६३ साली पॅरिसमध्ये, डेमार्के नावाच्या शल्यविशारदाला. हा जंत पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि पिल्लंही रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून तपासणीचं रक्त रात्री साडेआठनंतर घेतात. मात्र अंडकोषात साचलेलं पाणी जंतावरच्या गोळ्यांनी सहसा उतरत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते.