विस्तवावांचून फराळ

पेण-रोह्याचे पोहे सर्वांस ठाऊक आहेत. ऐन वैशाखांत पंधरा माणसांच्या फराळासाठीं घरच्या सुनांनीं विस्तवापुढें कां बसावें, हें आम्हांस समजत नाहीं. पातळ पोहे परातींत घ्यावे. ओलें खोबरें, अलिबागचा गोडसर पांढरा कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर व लिंबाचा रस कालवून त्यांत मिसळावा, नारळाचें पाणी शिंपडावें आणि अर्धा तास दडपून ठेवावे. फोडणीचा आग्रह नको. (पोहे भाजूनच कांडतात, तेव्हां ते अगदीं कच्चे नव्हेत, हें खरें!) चातुर्मासांत कांद्याऐवजीं काकडी पिळून घालावी. उपाहारगृहांनीं मात्र सकाळींच परात भरून ठेवूं नये. उन्हाळ्यांत ओलें खोबरें लवकर आंबतें. दहा-बारा बशांपुरतेंच कालवावें, संपल्यावर पुन्हां.