कर्लीचा गाळ जातो कुठे?



मृगाचा पाऊस लागला की कर्लीचं पाणी तांबडं होतं. आपण म्हणतो, नदी गढूळ झाली. ते गढूळ म्हणजे सह्याद्रीची माती, आणि खाडीकाठची आपली बरीचशी जमीन तिचीच बनलेली आहे.

सूप आठवा. भात पाखडताना जड दाणा जवळ पडतो, फोल लांब उडतं. नदीही अशीच पाखडते. दगडगोटे वरच राहतात, वाळू वाहत खाली येते. खाडीत समोरून भरती येते, पाण्याचा जोर मोडतो आणि वाळू बसते. बारीक माती मात्र तरंगतच राहते. ती बसवायला मीठ लागतं. विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की कण एकमेकांना चिकटून तळाला जातात ना? खाऱ्या पाण्यात नदीच्या मातीचं तसंच होतं. पाणी संथ असेल तिथे थरावर थर चढतो आणि खाजण तयार होतं.

मग त्यात कांदळ रुजतं. त्याच्या कमानीसारख्या मुळ्या आणि तिवराची चिखलातून खुंटांसारखी वर आलेली श्वासमुळं पाण्याला अडवतात. ओहोटीला पाणी जातं, माती राहते. चिंगळं, खेकडे, माशांची पिल्लं तिथेच वाढतात. तिसऱ्यांना मात्र वाळू मिसळलेला चिखल लागतो. नुसता चिखल वाढला की ते गुदमरतात.

आता देवबाग बघा. कर्ली तारकर्लीपर्यंत येते, समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, तरी ती दक्षिणेला वळते आणि किनाऱ्याला धरून देवबागच्या टोकाला जाते. मध्ये आहे ती वाळूची चिंचोळी पट्टी. नदीने आणलेली वाळू लाटांनी परत किनाऱ्याला लोटली, त्यातून ती उभी राहिली. तिच्यावर आज घरं, माड, विहिरी आहेत. मुखाजवळच्या वाळूच्या बेटाला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात.

अशी जमीन कधी स्थिर नसते. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात, पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणतात. पण परत आणायला वाळू शिल्लक हवी. आमच्यातल्या काही जणी जिथे गुडघाभर पाण्यात तिसरे काढायच्या, तिथे आता डोक्यावरून पाणी आहे. होड्यांनी तळ उपसला. वाळू काढणारेही आपल्याच घरातले आहेत आणि घर बांधायला वाळू आपल्यालाही लागते, हे आम्ही विसरत नाही. पण नदी एका पावसात आणते त्याहून जास्त उपसली, तर तो खड्डा भरायला वाळू किनाऱ्याचीच जाते. मग दगडी बंधारा मागायची वेळ येते. बंधारा घर वाचवतो, वाळू बनवत नाही.

गोदावरीचंही असंच आहे. ती आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि पार आंध्रात समुद्राला मिळते. तिथला सुपीक त्रिभुज प्रदेश तिच्या गाळाचाच. वाटेतल्या धरणांत गाळ अडकू लागला, तसा तिकडचा किनारा काही ठिकाणी मागे सरला.

कांदळवन तोडणं बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसं बजावलं आणि कांदळवनाभोवतीची 50 मीटर जागाही राखायला सांगितली. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटातल्या बायका तर मांडवी खाडीत होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि त्यातून कमावतात.

गटाने एक काम करून बघावं. पावसाआधी, ओहोटीला, खाजणात एक बांबू घट्ट रोवा आणि चिखलाच्या पातळीवर रंगाची रेघ मारा. नारळी पौर्णिमेला आणि दिवाळीला परत बघा, रेघ गाडली गेली की उघडी पडली. तारखेसह वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला की ती वही सोबत न्या.