जुनी गाडी आणि तिचा फेरफार

तिवसा तालुक्यात कोणी चार एकर शेत घेऊ लागला तर बांधावर उभा राहून तो मातीचे ढेकूळ हातात घेतो खरा, पण इसाराची रक्कम देण्यापूर्वी सातबारा काढतो. आणि जाणता असेल तर सातबाऱ्यावर न थांबता फेरफार पाहतो. शेत आज कोणाच्या नावावर आहे एवढेच सातबारा सांगतो. ते त्याच्याकडे कसे आले, मध्ये कोणकोणते बोजे चढले नि उतरले, हे फेरफारावरून कळते. हाच मनुष्य दोन-तीन लाख रुपयांची जुनी पिकअप घेताना मात्र टायरला लाथ मारून पाहतो, इंजिन सुरू करून कान देतो, आणि विकणारा ‘कालच पासिंग करून आणली ना जी भाऊ’ असे म्हणाला की निश्चिंत होतो. कालच केलेले पासिंग हीच संशय घेण्याची पहिली जागा आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आमच्या संघटनेतील एका सभासदाचे असेच झाले. जिनिंग बंद पडल्यावर जी देणी हाती आली त्यांत थोडे कर्ज घालून त्याने २०२३ च्या मे महिन्यात एक छोटा हत्ती घेतला. गाडी २०१२ ची, रंग नवा, पासिंग आठ दिवसांपूर्वीचे. पाचव्या महिन्यात आंबिया बहाराची संत्री भरून अमरावतीला जाताना मागच्या कमानपाट्याचा आधार चेसिसपासून सुटला आणि गाडी महामार्गाच्या कडेला एका अंगावर बसली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण संत्री मातीत गेली, गाडी दोन महिने मिस्त्रीकडे पडून राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र पडून राहिला नाही. गाडी उचलल्यावर दिसले की गंजलेल्या पत्र्यावर पट्टी वेल्ड करून वर काळा रंग फासला होता.

नंतर आम्ही दोघे तिचे कागद घेऊन बसलो. आधी बसायला हवे होते, हा दोष आमचाही. डॅशबोर्डच्या खणात जुने फिटनेसचे कागद निघाले. २०२१ पर्यंतच्या तारखा एकीला एक जोडून होत्या. २०२१ च्या डिसेंबरात एक मुदत संपली आणि पुढचे पासिंग एकदम २०२३ च्या मे महिन्यात. मधल्या सतरा महिन्यांत गाडी कोठे होती, काय वाहत होती, हे कोणत्याही कागदावर नव्हते. मालक मात्र त्या काळात दोनदा बदलले होते. सगळी हकीकत त्या खणातच होती, फक्त कोणी ती वाचली नव्हती.

आता हे पासिंग म्हणजे काय ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे माल किंवा भाड्याने प्रवासी वाहणाऱ्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. नव्या गाडीला हे प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. गाडी आठ वर्षांची होईतो दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी ते नवे करून घ्यावे लागते. म्हणजे व्यवस्थित सांभाळलेल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीमागे पाच-सात तारखांची एक साखळी असली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की शेवटची कडी पाहू नका, साखळी पाहा. शेवटची कडी विकण्यासाठी बनवता येते, मागल्या कड्या आज कोणालाही बनवता येत नाहीत.

साखळी तुटलेली दिसली म्हणजे लगेच मालकाला लबाड ठरवावे असे मात्र नाही. टाळेबंदीच्या काळात केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२० नंतर संपणाऱ्या कागदांची मुदत वाढवत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली होती. त्या काळातली फट माफ. त्याबाहेरची फट असेल तर कारण विचारावे. गाडी अपघातात होती काय, बँकेने ओढून नेली होती काय, की बिनपासिंगची आडरस्त्याने चालत होती? खरे कारण असले तर त्याचाही कागद बहुधा निघतो.

पांढऱ्या पाटीच्या गाडीची गोष्ट निराळी. आपल्याकडे ओम्नी घराघरांत दिसे. १९८४ साली ती आली आणि २०१९ साली बंद झाली. अशी व्हॅन खासगी म्हणून नोंदलेली असेल तर पहिली पंधरा वर्षे तिला पासिंगच नसते. पंधरा वर्षांनी नोंदणी नवी करताना तपासणी होते आणि मग पाच-पाच वर्षांनी. तेव्हा तेरा वर्षांच्या पांढऱ्या पाटीच्या व्हॅनला ‘एकदाही नापास झाली नाही’ असे कोणी म्हणाले तर ते खरे आहे. ती परीक्षेला बसलीच नव्हती. तिच्याबाबत वर्कशॉपची जॉबकार्डे आणि विम्याचे कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न असा की परीक्षकाने खरोखर परीक्षा घेतली होती काय? हा प्रश्न आम्हीच विचारतो असे नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तिचे म्हणणे हेच होते की गाड्या धड न तपासता प्रमाणपत्रे दिली जातात. न्यायालयाने २०१६ साली आदेश दिले. ब्रेक पाहण्यासाठी परिवहन कार्यालयांना २५० मीटरचा तपासणी मार्ग असावा, हा त्यांतला मुख्य. ब्रेक पाहायचा तर गाडी पळवून थांबवावी लागते आणि त्यासाठी जागा लागते, इतकी ही साधी गोष्ट! ती न्यायालयाला सांगावी लागली. म्हणून त्या काळातल्या जुन्या शिक्क्यांना आम्ही थोडे कमी वजन देतो.

शिवाय खरी तपासणी झाली तरी ती ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, धूर अशा गोष्टींची असते. क्लच किती दिवस टिकेल, इंजिन किती ऑइल खाते, हे तीत येत नाही. गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालवण्यास योग्य होती, एवढेच ते प्रमाणपत्र म्हणते. ती भरवशाची आहे असे ते म्हणतच नाही.

इंग्लंडात अशी तपासणी १९६० साली सुरू झाली, प्रथम दहा वर्षांवरील गाड्यांना. आज तेथे कोणीही गाडीचा नंबर घालून पाहू शकतो की ती केव्हा पास झाली, केव्हा आणि कशामुळे नापास झाली, त्या दिवशी ती किती मैल चालली होती, आणि तपासनिसाने ‘हा भाग लवकरच जाईल’ असा काय इशारा दिला होता. आम्हांला त्यात नापासाची नोंद मोलाची वाटते. टायरमुळे नापास झालेली आणि आठवड्यात टायर बदलून पुन्हा आलेली गाडी जबाबदार माणसाच्या हातात होती. तोच गंजाचा इशारा तीन वर्षे लागोपाठ आला असेल तर मालक फक्त ढकलत होता. मैलांचा आकडा मागच्या वर्षापेक्षा कमी दिसला तर बोलायलाच नको. आपल्याकडे सरकारच्या वाहन संकेतस्थळावर नंबर घातला की फिटनेस, विमा, कर यांची सध्याची मुदत, कितवा मालक आणि कर्जाचा बोजा एवढे कळते. मागची साखळी आपण कागद मागून जुळवावी लागते.

ती जुळवायला पीयूसीचाही उपयोग होतो. डिझेल गाडीच्या पीयूसीवर धुराचा एक अंक असतो. बीएस-३ गाडीला त्याची मर्यादा २.४५ आणि बीएस-४ ला १.६२. तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवावेत. अंक चढत गेला असेल तर इंजिन किंवा इंजेक्टर थकत चालला आहे. तिन्ही कागदांवर अंक दशांशापर्यंत तोच असेल तर सायलेन्सरला नळी लागलीच नाही असे समजून ते बाजूला ठेवावेत. विम्याचे तसेच. पूर्ण विमा असेल तर त्यावरची नो क्लेम बोनसची टक्केवारी २०, २५, ३५ अशी ५० पर्यंत चढत जाते. ती एखाद्या वर्षी शून्यावर आली असेल तर मालक नवा आला, विमा खंडला किंवा अपघाताचा दावा झाला, यांपैकी काही तरी घडले आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर अपघाताचा मागमूस तेथे सापडणार नाही. मग गाडी खड्ड्यावर घेऊन, विजेरी लावून चेसिस पाहावी, आणि पाहणारा मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

चाळीतल्या, वाडीतल्या आमच्या ड्रायव्हर बंधूंना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. गाडी पटली म्हणून शंभराच्या स्टँपवर लिहून घेऊन चालवू लागू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे ठरवले की गाडी हातोहात चार ठिकाणी विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकाची. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलून देण्याचीच गरज असते. जो ‘नाव नंतर करू’ म्हणतो त्याचे आधीचे कर्ज फिटलेले नसते, किंवा गाडीवर दंडाच्या पावत्या चढलेल्या असतात, असा आमचा अनुभव आहे. परजिल्ह्याची किंवा मध्यप्रदेशाची गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्यावाचून इसारही देऊ नये.

आमच्या त्या सभासदाने पहिला छोटा हत्ती भंगाराच्या भावापेक्षा थोड्या जास्तीला काढला आणि गेल्या वर्षी दुसरी गाडी पाहिली. या वेळी आम्ही बरोबर गेलो. रंग उडालेला, हौद्याला पोचे, आणि भाव शेजारच्या चकचकीत गाडीपेक्षा वीस हजारांनी जास्त. पण मालकाने खताच्या पिशवीतून कागदांची गठडी काढली. सगळी पासिंगे एकाला एक लागून होती, आणि मध्ये हँडब्रेक धरत नाही म्हणून परत पाठवल्याचा एक कागद, त्यामागे टाचलेली ब्रेक लायनरची पावती, तारीख चार दिवसांनंतरची. आम्ही भाव पाडायचा थोडा प्रयत्न केला, पण म्हातारा हलेना. तेवढ्यातच घेतली.